अर्जातली कळकळ

वस्तीतली एक मुलगी इंग्रजी अर्ज तपासून घ्यायला आमच्याकडे आली. शिष्यवृत्ती अडकलेली, फीची मुदत आठ दिवसांवर. सुरुवात नेहमीची : ‘आय बेग टू स्टेट’. ‘बेग’चा मूळ अर्थ भीक मागणे. साहेबाच्या राज्यातली ही रीत आम्ही खोडली. त्याऐवजी ‘आय अर्नेस्टली रिक्वेस्ट यू टू रिलीज माय स्कॉलरशिप’ असे लिहिले. ‘अर्नेस्टली’ म्हणजे कळकळीने. हा शब्द एकदाच पुरे. ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ एकाच वाक्यात नकोत. पुढे अर्ज क्रमांक, रक्कम, फीची शेवटची तारीख. खरी कळकळ या तपशिलातच दिसते. शेवटी ‘युवर्स फेथफुली’. आणि पालकहो, शिक्क्याची पोच जरूर घ्या. शिष्यवृत्ती हक्काची आहे. भाषा नम्र असावी, लाचार नसावी.