हिशेब आपला, कलम दुसऱ्याचे



वाळव्याचा ऊस आणि जतची ज्वारी एकाच सांगली जिल्ह्यात पिकते. उसाच्या पाठीशी १९६६ चा नियंत्रण आदेश आहे. ठरलेला दर १४ दिवसांत द्यायचा, चुकला तर कारखान्याने १५ टक्के व्याज भरायचे. ज्वारी-कापसाचा हमीभाव दरवर्षी नुसता जाहीर होतो. व्यापाऱ्याने तो दिलाच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही. भाव अर्थशास्त्राने काढता येतो, पण पदरात पडतो तो कायद्याने.

म्हणून आपल्या पोरापोरींनी दोन्ही शिकावे. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचे बी.ए. एलएल.बी. करता येते. नाहीतर आधी अर्थशास्त्रात बी.ए., मग तीन वर्षांचे एलएल.बी. पहिल्या वाटेत एक वर्ष वाचते. दुसरीत अर्थशास्त्र पक्के होते, आणि दुष्काळात मधेच पैसा आटला तरी एक पदवी हाती राहते. कोरडवाहू घराने दुसरी वाट धरावी, असे आमचे मत. कायद्याचे कॉलेज साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले भीमराव आंबेडकर अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले आणि बॅरिस्टरही. १९१८ साली त्यांनी लहान तुकड्यांच्या शेतीचे अर्थशास्त्र मांडले; १९३७ साली खोती मोडण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. आधी हिशेब, मग कायदा.

उत्पादनखर्चाचा हिशेब आपण बांधावर बसून करतो. कलम मात्र दुसराच कोणी लिहितो. तिथे आपली लेक बसली पाहिजे.