मराठी बोलल्यास दहा रुपये दंड



इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बऱ्याच क्लासेसमध्ये एक नियम भेटतो : आत पाऊल टाकलं की मराठी बंद. कुठे नुसती ताकीद, कुठे दंडाचा डबा. लोकांना हे फार शिस्तीचं वाटतं. मला नाही वाटत. शाळकरी पोरांचं एक वेळ बाजूला ठेवू, पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला इंग्रजी शिकवताना त्याची भाषा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायला लावणं ही शिकवण्याची पद्धत नव्हे. ही शिकवणाऱ्याने स्वतःची केलेली सोय आहे. त्याला समजावून सांगावं लागत नाही आणि शिकणाऱ्याला विचारता येत नाही!

निवृत्तीनंतर भडगावात माझ्या ओसरीवर संध्याकाळी पाच-सात जण येतात. फी वगैरे काही नाही. एक आशा सेविका आहे, एक मोटार रिवायंडिंगवाले, केळीच्या गाड्या भरून देणारे एक गृहस्थ, आणि दोघी आज्या, ज्यांची नातवंडं पुण्यात इंग्रजी शाळेत जातात. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे आज चाळिशीच्या पुढे असलेली मराठी शाळेतली सगळी माणसं त्याआधीची. त्यांतल्या कितीजणींची शाळाच त्याआधी सुटली, ते वेगळंच.

त्यांच्यातल्या एका बाईंनी आधी एका मोठ्या गावात क्लास लावला होता. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी! चौथ्या दिवशी त्यांना एक शंका आली. 'डिड' नंतर 'वेन्ट' का चालत नाही? गेल्याची गोष्ट आहे तर 'वेन्ट'च पाहिजे ना? शंका अगदी हुशारीची. पण ती इंग्रजीत विचारता येईना (येत असती तर क्लास कशाला लावला असता?), आणि मराठीत विचारली म्हणून दहा रुपये. कॉलेजची पोरं हसली. बाईंनी दहाची नोट डब्यात टाकली आणि पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. फी गेली ती गेलीच. मला राग आला तो फीचा नाही. जिने शेत सांभाळलं, दोन मुलींची लग्नं केली, ती बाई माझ्याकडे आल्या आल्या म्हणाली, "बाई, मला डोकंच नाही." त्याचा आला.

उत्तर अर्ध्या मिनिटाचं होतं. भूतकाळाचं गाठोडं 'डिड'ने आधीच डोक्यावर घेतलंय, मग मागच्याने तेच पुन्हा कशाला उचलायचं? म्हणून 'गो' मोकळा चालतो. झालं! हे अर्धं मिनिट इंग्रजीतून सांगायला गेलं तर आठवडा जाईल आणि कळणार नाही ते नाहीच.

आणि नुसती मराठीच का? आमच्याकडे घरात अहिराणी बोलतात आणि तिला कोणी विचारत नाही, शाळेतही नाही. पण गंमत पाहा. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतला फरक शिकवताना प्रमाण मराठी जरा घोटाळा करते, कारण 'जाते' दोन्हीकडे खपून जातं. अहिराणीत मात्र रोजचं जाणं म्हणजे 'मी जास' आणि आत्ता चाललेलं म्हणजे 'मी जाई राह्यनी'. दोन खण आधीच वेगळे आहेत. मी ते फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं आणि रिवायंडिंगवाले म्हणाले, "हाई तं आपलंच शे!" जी भाषा गावंढळ म्हणून गप्प बसवली, तिच्यातच किल्ली निघाली. दंडाच्या डब्यात हेही जातं.

आता 'परभाषा परभाषेतूनच शिकवावी' हे आलं कुठून? अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी १८७८ साली बर्लिट्झ नावाच्या गृहस्थाने भाषांची शाळा काढली. त्या संस्थेत सांगितली जाणारी हकिकत अशी की, बर्लिट्झ आजारी पडला, आणि त्याने नेमलेल्या फ्रेंच मास्तराला इंग्रजी येतच नव्हतं. त्याने हातवारे करकरून फ्रेंच शिकवलं आणि मुलं चांगली शिकली. छान! पण तिथे मास्तराला मुलांची भाषा येत नव्हती, म्हणून ते घडलं. मला येते, मग मी मुकं का व्हायचं?

'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) बघून माझ्या भाचीने मला सुनावलं होतं, "मावशी, बघ, शशी शिकली ना इंग्रजीतूनच!" अगं, न्यूयॉर्कच्या त्या वर्गात कोणी फ्रेंच, कोणी तमिळ, कोणी स्पॅनिश बोलणारं. सगळ्यांना समजेल अशी दुसरी भाषाच नव्हती. भडगावात ती अडचण नाही.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना मराठीतून इंग्रजी शिकवलं. "पण मग माणूस मनात भाषांतरच करत बसतो" असा आक्षेप येतो. बसतो, सुरुवातीला बसतोच. सायकलला आधी मागून धरावं लागतं. मीही शेवटची पंधरा मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायची ठेवते, पण दंड नाही आणि हसायचं नाही.

मायकेल वेस्ट नावाचे एक शिक्षणाधिकारी ढाक्याला होते. बंगाली मुलांना आधी इंग्रजी वाचायला शिकवा, असं त्यांनी १९२६ च्या पुस्तकात मांडलं. त्यांचा एक विचार मला फार पटतो. विमा मध्येच मोडला तरी काही रक्कम हाती येते ना, सरेंडर व्हॅल्यू? तसं, मध्येच शिकणं सुटलं तरी हाती काय राहतं ते बघा. चार दिवसांत क्लास सोडलेल्या बाईंच्या हाती काय राहिलं? 'हाऊ डू यू डू.' भडगावात हे कोणाला म्हणायचं?

म्हणून माझ्याकडे पहिले धडे मोबाईलवरच्या बँकेच्या निरोपांचे असतात. 'डेबिटेड' म्हणजे गेले, 'क्रेडिटेड' म्हणजे आले, 'ड्यू' म्हणजे द्यायचे आहेत. मग दवाखान्याची चिठ्ठी. त्यावरचं 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा. (हे तर इंग्रजीही नाही, लॅटिन आहे! ते कळल्यावर आज्यांना इंग्रजीची भीती निम्मी झाली.)

नातेवाईक फोन करून विचारतात, आमच्या आईसाठी, सासूबाईंसाठी गावाजवळ क्लास सुचवा. जळगावला जायचं तर येण्याजाण्यातच दिवस मोडतो. फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसू द्याल का, विचारा. मराठीत शंका विचारली तर चालेल का, विचारा. वर्गात त्यांच्या वयाचं आणखी कोणी आहे का, बघा. तिन्हींना नाही म्हणाले तर पैसे वाचवा आणि गावातला एखादा निवृत्त मास्तर गाठा. असे आम्ही प्रत्येक तालुक्यात ढिगाने आहोत, आणि संध्याकाळी आम्हाला काम नसतं. जागेचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग पाच नंतर कुलूपबंदच असतात. किल्ली मागायला मी दोनदा जाऊन आले. "वरून परवानगी लागेल" असं उत्तर मिळालं. पावसाळ्यात ओसरी गळते, तेव्हा तिसऱ्यांदा जाणार आहे, आणि या वेळी दोघी आज्यांना बरोबर नेणार आहे.