कोलेस्टेरॉल : शहरी सल्ला आणि खानदेशी ताट

पहूर (ता. जामनेर, जि. जळगाव) : जळगावहून अजिंठा लेण्यांकडे जाणारा रस्ता पहूरला जामनेर आणि शेंदुर्णीकडे फुटतो. वाघूर नदीकाठचे हे गाव पूर्ण खेडे राहिलेले नाही आणि पुरते शहरही झालेले नाही. शिवारात कापूस आहे, रस्त्यावर हॉटेले आहेत आणि घरोघरी मोटारसायकल आहे. अशा गावातील माणसाच्या रक्तातील चरबीचा विचार सहसा कोणी करीत नाही. कोलेस्टेरॉल हा पुण्या-मुंबईच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार असून शेतात राबणाऱ्याला तो होत नाही, अशी समजूत शहरात आहे आणि गावातही आहे. गावाकडून आलेले तूप आणि शेंगदाणे 'शुद्ध' म्हणून निर्धास्तपणे खाणाऱ्या शहरी नातेवाइकांचाही या समजुतीला मोठा आधार वाटतो.

या समजुतीत थोडे तथ्य आहे, हे प्रथम मान्य करायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिआब' या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि रक्तातील चरबीचे दोष यांचे प्रमाण शहरात खेड्यापेक्षा अधिक आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या बाबतीत मात्र हा फरक दिसला नाही. याच पाहणीत चरबीच्या चार मोजमापांपैकी किमान एकात दोष असलेले प्रौढ शंभरात ८१ निघाले. म्हणजे प्रश्न केवळ शहराचा असता, तर हा आकडा इतका मोठा आलाच नसता.

त्याहून महत्त्वाचे आहे ते दोषाचे स्वरूप. आपल्याकडे 'कोलेस्टेरॉल वाढले' एवढेच बोलले जाते. 'इंडिआब'चा पहिला टप्पा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. त्यातील चरबीविषयक निष्कर्ष २०१४ मध्ये मुंबईचे डॉ. शशांक जोशी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यानुसार 'वाईट' समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेले लोक ११.८ टक्के होते. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के, तर 'चांगले' एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के होते. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी प्रामुख्याने येते ती पोटाचा घेर, साखर, मैदा-तांदळासारखे पांढरे धान्य, मद्य आणि बैठेपणा यांतून. अंड्यातील बलक टाकून देणारा आणि त्याच वेळी दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा घेणारा माणूस चुकीच्या शत्रूशी लढत असतो, असेच म्हणावे लागेल.

शेतकरी राबतो, हे विधानही आता तपासून घेण्याची वेळ आली आहे. जळगाव जिल्हा ठिबक सिंचनात देशात अग्रेसर मानला जातो. त्याचा पाण्याला आणि पिकाला लाभ झाला, याविषयी वाद नाही. परंतु दारे धरून रात्रभर पाणी भरण्याचे कष्ट व्हॉल्व्ह फिरवण्यावर आले. विहिरीवरील मोटार मोबाइलवरून सुरू होते, नांगरटी ट्रॅक्टर करतो आणि मालक शेतात दुचाकीवरून चक्कर मारून येतो. निंदणी आणि कापूस वेचणीचे अंगमोडे काम उरले आहे, पण ते मुख्यतः मजूर बायकांच्या वाट्याला. तेही हंगामापुरते. वर्षाचे उरलेले महिने पारावर किंवा ओट्यावर जातात. आहार मात्र अजून नांगर धरणाऱ्या माणसाचाच आहे.

आता ताटाकडे वळू. खानदेशचे ताट मुळात हृदयाचे वैरी नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, पातीचा कांदा, उडदाची डाळ, भाजलेल्या वांग्याचे भरीत यांत चोथा भरपूर आहे. धान्य आणि डाळींतील विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्ले बांधून ठेवतो. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. दररोज पाच ते दहा ग्रॅम असा चोथा पोटात गेल्यास एलडीएल सुमारे पाच टक्क्यांनी उतरते. त्यासाठी महागड्या ओटच्या डब्याची गरज नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वांग्यात दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो भरितावरच्या तेलाच्या थरात आणि भाकरीची जागा घेणाऱ्या कळण्याच्या तळलेल्या पुऱ्यांत. शेवभाजीचेही तसेच. शेव आधी तेलात तळायची, मग तर्रीत बुडवायची, आणि रश्श्यावर बोटभर तेल तरंगले नाही तर आचाऱ्याला नावे ठेवायची! पूर्वी आखाजीला, पोळ्याला किंवा लग्नाच्या पंगतीत होणारा हा थाट आता रस्त्यालगतच्या हॉटेलात रोज मिळतो. सणाचे जेवण रोजचे झाले, हा खानदेशच्या आहारातील खरा बदल आहे.

हिशेब सोपा आहे. वरून घेतले जाणारे तेल-तूप बैठ्या माणसाला दिवसाकाठी २० ते ३० ग्रॅम पुरेसे असल्याचे पोषणतज्ज्ञ सांगतात. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण तीन किलो. या मापाने पंधरा किलोचा डबा पाच महिने पुरायला हवा. तो किती दिवसांत संपतो, हे प्रत्येक घरातील गृहिणीला कोणत्याही डॉक्टरपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. तेल कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी साधारण पाचवा हिस्सा असते, सरकीच्या तेलात पाव, तर पामतेलात जवळपास निम्मी. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे आणि वारंवार तापवलेल्या तेलासाठीही २०१८ पासून नियम आहे. तथापि, भज्यांच्या कढईपर्यंत अन्न निरीक्षक कितीदा पोहोचतो, याची कल्पना वाचकांना असेलच.

जीवनशैलीतील बदलाची भाषा मराठी वाचकाला नवी नाही. गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले आणि त्यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने आहार, व्यायाम आणि मनःशांती हे विषय मध्यमवर्गीय घरांत नेले. हे कार्य मोठेच आहे. मात्र ज्याला पुस्तक वाचण्याची सवड आहे आणि सकाळचा एक तास स्वतःचा म्हणता येतो, त्याच्यापर्यंतच ही भाषा प्रामुख्याने पोहोचली. पहूरच्या थांब्यावर नाश्त्याला भजी खाऊन कामाला लागणाऱ्या तरुणापर्यंत ती यायची आहे.

त्या तरुणाची चिंता करण्याचे कारणही आहे. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासातून दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, तर इतरत्र तो जवळपास ५९व्या वर्षी येतो, असे त्यात दिसले. निरोगी गटातही नियमित व्यायाम करणारे आपल्याकडे सहा टक्के, तर इतरत्र २१ टक्क्यांहून अधिक होते. रोज फळे-भाज्या खाणारेही आपल्याकडे कमीच. केळीचे आगार म्हणवणाऱ्या जिल्ह्याने याची नोंद घ्यावी. कमावता माणूस पन्नाशीत गेला, तर मुलांची शिक्षणे आणि शेतीवरचे कर्ज दोन्ही मागे उरतात.

अशा वेळी सरकारी यंत्रणा काय पाहते? तिशीपुढील प्रत्येकाचा अर्ज आशा सेविका भरून घेतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांवर गुण दिले जातात. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडले, की गुण वाढतात. पुढे रक्तदाब, साखर आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची चाचपणी होते. कोलेस्टेरॉल या यादीत नाही. ही उणीव वाटते तेवढी घातक नाही, कारण वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि वजन-उंची यांवरून धोका अजमावण्याचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रक्ततपासणीविनाही उपलब्ध करून दिले आहेत. प्रश्न आहे तो गुण भरल्यानंतर काय, हा. 'चालत जा' म्हणणे सोपे आहे. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या जिल्ह्यात सकाळी सातनंतर चालणे कठीण आणि महामार्गाच्या कडेने ट्रकच्या वर्दळीत चालणे धोक्याचे. घरातील सुनेने एकटीने फिरायला निघणे तर अद्याप अनेकांच्या पचनी पडत नाही.

फिनलंडमधील उत्तर कारेलिया या ग्रामीण प्रांताचे उदाहरण येथे आठवते. लोणी आणि चरबीयुक्त मांसावर पोसलेल्या या लाकूडतोड्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलखात १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांनी काम सुरू केले. त्यांनी केवळ रुग्णांना उपदेश केला नाही. महिला मंडळे, सॉसेजचे कारखाने, दुग्धव्यावसायिक, दुकानदार अशा सर्वांना त्यात ओढले. पुढील साडेतीन दशकांत तेथील कामकरी वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. पहूरसारख्या ठिकाणी हीच भूमिका बचत गट, लग्नाचे आचारी, शाळेचे मैदान पहाटे उघडे ठेवणारी ग्रामपंचायत आणि हॉटेलवाले बजावू शकतील. तर्री वेगळ्या वाटीत द्यायला खर्च काहीच येत नाही.

अर्थात आहार-व्यायामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते. केवळ आहाराने एलडीएल साधारण पाच ते पंधरा टक्के उतरते, तर भरपूर मात्रेतील स्टॅटिन गोळीने ते निम्म्यावर येऊ शकते. त्यामुळे ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा मधुमेह आहे, त्याने भाकरी सुरू केली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. ट्रायग्लिसराइडचे गणित उलट आहे. वजन, साखर आणि दारू कमी केली, की ते झपाट्याने खाली येते.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, जुलै २०२४ मध्ये प्रथमच स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सर्वसामान्य व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅमखाली, मधुमेह वा रक्तदाब असलेल्याचे ७०खाली आणि झटका येऊन गेलेल्याचे ५५खाली असावे, असे त्यांत म्हटले आहे. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी आणि ती उपाशीपोटीच हवी असा आग्रह नको, हीही त्यातील शिफारस आहे. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले निघाल्यास तेवढी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी लागते. रोजंदारी बुडवून, पहाटेपासून उपाशी राहून जळगावची बस धरणाऱ्या माणसासाठी हा बदल लहान नाही. आहार आणि चालण्यातील बदलाचा परिणाम रक्तात सहा ते बारा आठवड्यांत दिसू लागतो. दिवाळीचा फराळ संपल्यावर तेलाचा डबा मापात आणला, तर संक्रांतीच्या सुमारास केलेल्या तपासणीत आकडा बदललेला दिसू शकतो. मधल्या काळात भरिताचा हंगाम येतो, आणि तो भाकरीसोबत साजरा करायला कोणाचीच हरकत नसावी.