तरोटा राखा, गाजर गवत उपटा

दिघोरीकरांनो, धुरा साफ करताना हातात विळा आला की आपण दिसेल ते कापत सुटतो. यंदा तसे करू नका. तरोटा राहू द्या आणि गाजर गवत तेवढे मुळासकट उपटा.

धानाच्या बांधीत पाणी उभे असते, तिथे गाजर गवत सहसा टिकत नाही. म्हणून आपण त्याला मनावर घेत नाही. पण तेच धुऱ्यावर तुरीला खेटून उभे असते, परसात वांगी-मिरचीजवळ असते. त्याच्या पानांत, खोडावरच्या लवेत, परागातसुद्धा पार्थेनिन नावाचे विष असते. पावसाच्या पाण्याने ते मातीत उतरते, पाला कुजला तरी उतरते. मग शेजारचे बी नीट रुजत नाही, मुळे खुरटतात. कडधान्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात, त्याही कमी बसतात. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या फुलावर याचे पराग पडले तर फळ कमी धरते, हे बंगळूरच्या प्रयोगांत दिसले आहे. खत घालूनही झाड अंग धरत नसेल तर आधी शेजारी काय वाढले आहे ते बघा.

तरोट्याची कोवळी भाजी आपण पावसाच्या तोंडाला खातोच. तोही शेजाऱ्याला असाच अडवतो, पण आपल्या कामाचा. त्याच्या रसाने गाजर गवताचे बी दबते आणि दाट पानांखाली उरलेल्या रोपाला ऊन मिळत नाही. जबलपूरचे तण संशोधन संचालनालयही हाच उपाय सांगते. दिवाळीनंतर तरोट्याच्या वाळल्या शेंगा गोळा करून ठेवा. पाऊस पडण्याआधी ते बी रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी, गाजर गवत माजते तिथे तिथे फेका. जमिनीत जुने बी पडलेले आहे, एका सालात ते संपणार नाही. दोन-तीन पावसाळे नेट धरावा लागेल.

उपटताना हाताला मोजे किंवा फडके हवेच, नाहीतर अंगाला खाज सुटते. दम्याच्या माणसाला या कामाला लावू नका. फुलाआधीचे झाड शेणाबरोबर खड्ड्यात कुजवता येते. फुलावर आलेले मात्र खतात टाकू नका, एका झाडाला हजारोंनी बी धरते.

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. तोवर थांबू नका. उगवल्यापासून महिनाभरातच ते पांढऱ्या फुलावर येते. लावणीला जाताना माती ओली असते, रोप सहज निघते. तेव्हाच बांधीच्या वाटेवरचे उपटत चला.