कुलूप, किल्ली आणि वेगळी ताटली

परवा जनवाड्याला मावशीकडे गेले होते. पानं मांडताना एक ताटली नि पेला भिंतीशी वेगळा दिसला. "त्याला ती बिमारी आहे ना," मावशी हळूच म्हणाली. तो म्हणजे माझा मावसभाऊ. (त्याला विचारूनच लिहिते आहे.)

मी म्हटलं, मावशी, घराला असतं तसं पेशीलाही कुलूप असतं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींवर सीडी४ नावाचं. एचआयव्हीच्या अंगावरची जीपी१२० ही किल्ली त्यात बसते. पण तेवढ्यानं दार उघडत नाही. सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हे दुसरं कुलूपही निघावं लागतं. ते १९९६ साली सापडलं.

"एरड् कीली अदावेन्री?" मावशीच्या सुनेनं विचारलं. हो, दोन. काही माणसांत, विशेषतः उत्तर युरोपात, सीसीआर५ जन्मतःच मोडलेलं असतं. आपल्याकडे असं क्वचितच. अशाच एकाचा अस्थिमज्जा २००७ साली बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन यांना दिला आणि त्यांचा एचआयव्ही गेला.

या पेशींपर्यंत विषाणू पोचतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला. ताटलीतून नव्हे. १९८६ साली देशातले पहिले बाधित चेन्नईत शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठीच, हे सांगितल्यावर मावशीनं जरा कान दिला. सरकारी औषध २००४ पासून फुकट आहे, भाऊ ते नेमानं घेतो.

मावशी काही बोलली नाही. रात्री त्याची ताटली पंगतीत होती. पेला अजून भिंतीशीच.