पायथ्याच्या विहिरीची नोंद कोण घेणार?

केळापूरच्या न्यायालयात वकिली करताना आमच्याकडे जमिनीची, बांधाची, अतिक्रमणाची प्रकरणे येतात. पाण्याचे प्रकरण मात्र क्वचितच येते. याचा अर्थ पाण्यावरून अन्याय होत नाही असा नाही. अन्याय होतो, पण त्याचा पुरावा नसतो. आणि जिथे पुरावा नाही तिथे कायद्याची कलमे नुसती पुस्तकात राहतात.

काही दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतील एक मुलगी भेटायला आली. आई-वडील दोघेही शेतमजूर. ती संख्याशास्त्र शिकली आणि आता एका पाणलोट प्रकल्पात कंत्राटी पद्धतीवर डेटा अॅनालिस्ट म्हणून काम करते. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीचा उतार, मातीचा पोत, पीक आणि पावसाच्या नोंदी संगणकात एकत्र आणायच्या, कोणत्या शेतातून किती पाणी आणि किती माती वाहून जाते, त्यासोबत किती खत नाल्याला मिळते याचा हिशेब काढायचा आणि बांध कुठे घालावा, चर कुठे खणावा हे सांगायचे, असे ते काम. आम्हाला तिचे कौतुक वाटले. ती मात्र अस्वस्थ होती. म्हणाली, "वकीलभाऊ, तक्त्यात सगळं गाव आहे, फक्त आपली वस्ती नाही. आपल्या विहिरीचं पाणी कुणी मोजलंच नाही."

या एका वाक्याने आम्हाला हा अग्रलेख लिहायला भाग पाडले.

पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' हे सूत्र प्रसिद्ध आहे. आधी माथ्यावर सलग समतल चर खणायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती करायची, शेवटी खाली नाल्यावर बंधारे बांधायचे. शास्त्र म्हणून हे अगदी योग्य आहे. पण आमचा प्रश्न साधा आहे. या देशातील खेड्यात पायथ्याला कोण राहते? ज्यांनी गावाची रचना केली त्यांनी वरच्या अंगाचा पाणवठा स्वतःसाठी ठेवला आणि आमच्या पूर्वजांना खालच्या अंगाला बसविले. आमच्या स्पर्शाने त्यांचे पाणी बाटू नये म्हणून ही व्यवस्था होती. आज काळ बदलला, संविधान आले, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण उतार बदलला नाही. पूर्वी आमच्या स्पर्शाने बाटेल म्हणून जे पाणी वर राखले गेले, तेच पाणी आज खत आणि कीटकनाशक घेऊन आमच्या विहिरीकडे उतरते. तेव्हाचा विटाळ खोटा होता. आजचा विटाळ प्रयोगशाळेत मोजता येतो.

हा विषय समाजबांधवांनी नीट समजून घ्यावा म्हणून थोडे गणित मांडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पाच लाख लिटर. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही आणि उरलेले पाणी मातीसह उतार धरते. आता युरियाची ४५ किलोची एक गोणी घ्या. तिच्यात सुमारे २१ किलो नत्र असते. त्यापैकी फक्त एक किलो नत्र नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरले तरी जवळजवळ एक लाख लिटर स्वच्छ पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचते. ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती ते कमी करते. आई बाळासाठी पाणी उकळून घेते आणि आपण योग्य तेच केले असे समजते.

ही भीती आम्ही मनाने रचलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. सर्वाधिक बाधित म्हणून जे १५ जिल्हे त्यात नोंदले गेले, त्यापैकी सात महाराष्ट्रातील आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आपला यवतमाळ. पैनगंगेच्या पलीकडचा तेलंगणातील आदिलाबादही त्याच यादीत आहे. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर एकच दुखणे आहे. शिवाय केळापूर, झरी जामणी, वणी या भागात भूगर्भातील फ्लोराइडचा त्रास जुनाच आहे. खडकातून फ्लोराइड, शेतातून नायट्रेट, आणि मध्ये आमची विहीर!

पण जिल्ह्याचा आकडा वस्तीचे दुखणे सांगत नाही, हे त्या मुलीने आम्हाला शिकविले. निरीक्षण विहीर कुठे असावी हे ठरविणाऱ्याने ती गावाच्या शिवारात ठरविली. तिथले पाणी चांगले निघाले तर अख्खे गाव चांगले ठरते. बौद्ध वस्तीतील हातपंप, कोलाम पोडावरील झिरा यांचा नमुना घेतला गेला नाही तर ते पाणी कागदावर अस्तित्वातच नसते. खानेसुमारीत ज्याचे नाव नाही तो माणूस जसा शासनाला दिसत नाही, तशीच ही विहीर. सरासरी ही फार सभ्य दिसणारी गोष्ट आहे. पण विषमतेच्या देशात सरासरी म्हणजे वरच्याच्या सुखात खालच्याचे दुःख बुडविण्याची युक्ती होऊन बसते.

कोणी म्हणेल, यात जात कुठून आली? खत तर आमचेही शेतकरी टाकतात. खरे आहे. दोन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी आमचा शत्रू नाही. कृषी केंद्रावाल्याकडून उधारीवर माल घेणारा शेतकरी त्याच्याच सल्ल्याने खत टाकतो, औषध फवारतो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारे हात कोणाचे होते? त्या मृत्यूंची नोंद झाली, कारण माणसे रुग्णालयात पोहोचली. पण तेच विष पावसाबरोबर खाली वाहत आले, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे?

वकील म्हणून आम्ही येथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. अनुसूचित जाती-जमातींच्या नेहमीच्या वापरातील पाणी दूषित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात मानला. परंतु शंभर शेतांतून थेंबाथेंबाने आलेल्या विषाला आरोपी नसतो. कोणाच्या नावाने फिर्याद देणार? अशा प्रकरणात दाद मागायची ती शासनाच्या कर्तव्याबद्दल, आणि त्यासाठी साक्षीदार एकच: वर्षानुवर्षे, तारीखवार, ठिकाणवार लिहिलेला आकडा. तो नसेल तर आमच्यासारखा वकील न्यायालयात फक्त भाषण करू शकतो, खटला जिंकू शकत नाही.

दुसरी बाजूही पाहू. १९७२ च्या दुष्काळापासून पाझर तलाव, नालाबांध, चर खणणारे हात प्रामुख्याने भूमिहीनांचे होते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्या हातांना काम दिले, पण साठलेल्या पाण्यावर हक्क दिला नाही. पाणी ज्याच्या विहिरीत झिरपले त्याचे झाले. पुढे जलयुक्त शिवार आले. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढविण्यात या अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असे २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने म्हटले. खोदकाम झाले, मोजमाप कच्चे राहिले. आणि माथ्यावरची जमीन म्हणजे अनेक ठिकाणी गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहाने ज्या जमिनीचा प्रश्न देशासमोर मांडला, तीच जमीन. तिथे चर खणताना आमच्या माणसाचे जुने अतिक्रमण नकाशात 'पडीक' म्हणून रंगविले जाते का, हेही संगणकासमोर बसलेल्या माणसाला दिसते. म्हणून त्या खुर्चीवर कोण बसतो याला महत्त्व आहे.

बाबासाहेबांच्या अनुयायांना आकड्यांचे महत्त्व सांगावे लागू नये. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला तो आकडेवारीच्या आधारे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना त्यांनी दिशा दिली. १९४५ साली जो केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला त्याचे पहिले काम नद्यांविषयीची तथ्ये गोळा करणे हेच होते. २० मार्च १९२७ ला महाडला ज्या महामानवाने चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महामानवाने पुढे अख्ख्या खोऱ्याच्या पाण्याचा हिशेब मांडण्याची यंत्रणा उभी केली. आम्ही पहिली गोष्ट दरवर्षी साजरी करतो, दुसरी विसरतो. महाडने पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवून दिला. आता त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मिळवायचा आहे.

मग करायचे काय? निवेदन देऊन फोटो काढणे पुरे झाले. प्रत्येक वस्तीने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आपल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी मागावी आणि निकालाची प्रत बुद्धविहाराच्या फलकावर लावावी. गावपातळीवरील तपासणी पेटीने नायट्रेट-फ्लोराइडचा अंदाज येतो, पण कीटकनाशक त्यात कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेचाच आग्रह धरावा. गावातील कोणत्या पाण्याचे नमुने घेतले आणि कोणत्या पाण्याचे घेतले नाहीत, याची यादी माहिती अधिकारात मागावी. केळापूर तालुक्यातील जी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात तिथे पेसा कायद्याने पोडाची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते; त्या सभेने आपल्या आदिवासी बांधवांसह पाणलोटाचा नकाशा समोर मागवून घ्यावा आणि आपला झिरा त्यावर लिहून घ्यावा. आणि स्पर्धा परीक्षेच्या एकाच दारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आमच्या मुलामुलींनी संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, नकाशाशास्त्र या दारांकडेही पाहावे.

त्या मुलीला आम्ही विचारले, आता काय करणार? तिने सुट्टीच्या दिवशी घरून स्वच्छ बाटली नेली, वस्तीच्या विहिरीचे पाणी भरले, ठिकाण, तारीख, वेळ लिहिली आणि रीतसर शुल्क भरून तपासणीला दिले. निकाल अजून यायचा आहे. तो काहीही येवो. त्या विहिरीच्या नावाने पहिली ओळ लिहिली गेली. दुसरी ओळ पुढच्या पावसाळ्यानंतर लिहायची आहे, आणि ती एकट्या तिने लिहावी असे आम्हाला वाटत नाही.

जयभीम!