शेवाळाला फाशी, नाल्याला माफी!

मंडळी, मागच्या शनिवार-रविवारी गावी, धर्मापुरीला, जाऊन आलो. पारावर विषय निघाला, पाणी हिरवं झाल्याचा. एकानं लगेच निकाल दिला, "पोतंभर मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं तर, "तू कंप्युटरवाला, तुला काय कळतंय?" असो. तिथं बोलू दिलं नाही, म्हणून इथं बोलतो.

पहिली गोष्ट, हा हिरवा-निळसर तवंग बहुतेकदा शेवाळ नसतोच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणारे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठायला लागला तो यांच्यामुळे. आपल्या लोणार सरोवराच्या खारट पाण्याला हिरवा रंग देणारेही हेच. म्हणजे पाण्यातल्या जीवसृष्टीचे हे अन्नदाते.

मग गावच्या पाण्यात ते एवढे माजतात का? कारण आपण त्यांना वाढून ठेवतो! गटार, धुण्याची पावडर, शेतातून वाहून आलेलं डीएपी. या सगळ्यात फॉस्फरस. त्यात उन्हाळ्यात पाणी आटलं, तापलं, वाहायचं थांबलं की झालीच पंगत सुरू.

आता मोरचूद. यातल्या काही जातींच्या पोटात विष असतं. मोरचुदानं पेशी फुटतात आणि ते विष एकदम पाण्यात उतरतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर हाच शहाणपणा झाला. पाण्याला वास येतो म्हणून धरणात मोरचूद टाकलं. थोड्याच दिवसांत १४८ जण आजारी, बहुतेक सगळी लहान मुलं! आणि "उकळून पिऊ की" म्हणणाऱ्यांसाठी: उकळल्यानं जंतू मरतात, हे विष जात नाही.

म्हणजे हिरवं पाणी प्यायचं का? अजिबात नाही. माणसांनीही नाही, जनावरांनीही नाही. पण आधी गटाराचं तोंड वळवा, धुणं काठापासून लांब न्या, गाळ उपसा. हे काम कष्टाचं आहे, निवडणुकीच्या फोटोत दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही. मोरचूद स्वस्त पडतं.

आमच्या धंद्यात अलार्म वाजला तर बिघाड शोधतात, अलार्मची वायर कापत नाहीत. तो हिरवा तवंग हा अलार्म आहे.

पटलं नसेल तर खुशाल भांडा. फक्त पोतं फोडायच्या आधी!